ओट्यावरची लेकरं

मास्तरीणबाई, तुम्ही जाऊन लई वर्सं झाली. मला ते जांबच्या जत्रेत कळलं, तेही वर्सभरानं. भेटायचं राहूनच गेलं. मी दुसरीपर्यंत शिकलेली, लिवायला वेळ लागतो, म्हणून मुद्द्याचंच लिवते.

निजामाचं राज जाऊन थोडीच वर्सं झाल्ती. तुमचे मालक आमच्या गावात गुरुजी होते आन् साळा मारुतीच्या देवळात भरायची. पोरं यायची, पोरी न्हाईत. आया कापूस वेचायला गेल्या की धाकटं लेकरू थोरल्या पोरीनंच धरायचं. गुरुजी दारोदार सांगून थकले. तुम्ही सांगत बसला न्हाईत. आमच्या दारात आलात, माझ्या कडेवरचा भाऊ आपल्या कडेवर घेतला आन् म्हणलात, "जा, पाटी घे." मंग देवळाला लागून असलेल्या तुमच्या खोलीच्या ओट्यावर गावातली पाच-सहा लेकरं जमायला लागली आन् आम्ही पोरी देवळात साळेला बसायला लागलो.

आमच्या आया लेकराला सकाळीच मोहरीएवढी अफू चाटवायच्या. दिवसभर निजून राहायचं. त्यात कोणाला काही वावगं वाटत न्हवतं, मलाही आईनं तशीच वाढवली असंल. तुम्ही दुसऱ्याच दिवशी आईला अडवलं. "झोपून झोपून लेकराची भूक मरती. चाटवलेलं लेकरू मी घेणार न्हाई."

"मंग रडंल की दिवसभर. तुमचंच डोकं उठंल."

"उठू द्या. डोकं माझं हाय."

आन् रडायचीच ती. एक तुमच्या कडेवर, एक झोळीत, एक पेजेच्या वाटीत हात घालून. त्या गलक्यात मी बाराखडी शिकले.

मंग साळा तपासायला साहेब येणार असं कळलं. त्या दिवशी सकाळी आई पदराच्या गाठीला अफू बांधून तुमच्या दारात उभी हाय. "आजच्या दिवस चाटवू द्या. साहेबानं गलका ऐकला तर पोरींची साळा बिलकुल बंद करंल." गुरुजी तुमच्याकडं बघतात. हळूच म्हणतात, "एकच दिवस हाय." मी आईच्या मागं पाटी धरून उभी. तुम्ही माझ्याकडं बघता, मंग भावाकडं, आन् म्हणता, "लेकराला विख देऊन पोरगी शिकवायची का?" गुरुजी आत जातात. आई गाठ न सोडताच भावाला तुमच्या कडेवर देती.

भावाला नेमके दात येऊन राह्यले होते. साहेबानं मला उभं करून धडा वाचायला लावला. मी वाचतेय आन् बाहेर तो टाहो फोडतोय. साहेब म्हणला, "जोरात वाच." मी ओरडून वाचलं. शेवटी तो उठून ओट्यावर गेला. "मास्टरसाब, ये मदरसा है के जच्चाखाना?" म्हंजे बाळंतिणीचा दवाखाना. सारी पोरं हसली. अर्थ कळला न्हाई तरी मीही हसले. साहेब वाईट न्हवता. चांगलं वाचलं म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला आन् जाताना सांगून गेला की उद्यापासून साळेजवळ लेकरं दिसली न्हाई पाहिजेत. तुम्ही दुसरी जागा मागत गावभर फिरलात. कोणी दिली न्हाई. भाऊ माझ्या कडेवर परत आला आन् माझी साळा सुटली. उन्हाळ्यात गुरुजींची बदली झाली.

तो धडधाकट निघाला. मॅट्रिक झाला, एसटीत कंडक्टर झाला. ज्यांच्या आयांनी अफू सोडली न्हाई, त्यांची काही लेकरं कशी किडकिडीत राह्यली, तेही मी बघितलं. माझ्या लेकीसुनांना मी बजावून सांगत आले, मास्तरीणबाईंचं बराबर होतं. बराबरच होतं.

पण दवाखान्यातली चिठ्ठी वाचायला घेतली तर अर्धी लागती, अर्धी लागत न्हाई. पंचायतीत अंगठा लावू नये म्हणून मी सही करते, पण कशावर करून राह्यले ते शेजारच्या पोराला विचारावं लागतं. तवा मनात येतं, एकच तर दिवस होता, चाटवू द्यायला पाहिजे होती. मी कोणाच्याही तोंडावर बोलणारी बाई. तुम्ही असतात तर हे मात्र बोलले नसते, म्हणून लिवलं.