मानपत्रातलं एक वाक्य

खलिफा सिटी, अबू धाबी
३ नोव्हेंबर

ती. राजाभाऊकाका यांना आभाचा सा. न.

फोन उचलत नाही, म्हणून मेल करतेय. तुमच्या दुकानातल्या खैरुद्दीनने सांगितलं की साहेब ठीक आहेत, फक्त कुणाशी बोलत नाहीत. म्हणजे बातमी तुम्ही वाचलेली दिसतेय.

नसेल तर ऐका. गेल्या गणपतीत आपल्या इथल्या मराठी मंडळाने ज्यांना शाल-श्रीफळ दिलं, ते वसईचे कार्डिनल इनास तुस्कानो पोपच्या निवडणुकीत सगळ्यांत पुढे होते. आता एका युरोपीय सरकारने त्यांच्या नावाला नकार कळवलाय. पोप कोण नको हे सांगायचा हा राजेरजवाड्यांचा हक्क शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघायला हवा होता. धर्माशी आपला संबंध नाही म्हणणारं सरकारसुद्धा तो सोडत नाही! बोटींतून आलेल्या निर्वासितांना समुद्रात परत लोटू नका असं फादर बोलतात, हे त्यांचं खरं दुखणं. पण कारण दिलंय तुमच्या मानपत्राचं. सारे धर्म एकच आणि चर्च ही त्यातली केवळ एक पायवाट, असं आपण सदैव सांगता, असं तुम्ही लिहिलंत. आपल्याला गोड वाटलं, तरी पोप होणाऱ्याच्या तोंडी हे म्हणजे धर्मद्रोह. काका, हे ते कधी म्हणाले हो? आणि मी शहाणी, त्याचं इंग्लिश करून वेबसाइटवर टाकलं. ऑफिसात कुणी मंडळाचं नाव काढलं तरी मान खाली जाते.

रविवारी सगळे कार्डिनल मतदानाला आत जातील आणि दार बंद होईल. त्याआधी एवढंच लिहून द्या की ते वाक्य तुमचं आहे, त्यांचं नाही. त्यांच्या सेक्रेटरीला मी कळवलंय की तुमचं पत्र येतंय.

लोभ आहेच; वाढायचा की नाही ते तुमच्या हातात.

तुमची,
आभा


रोल्ला, शारजा
४ नोव्हेंबर

चि. आभा हिस अनेक आशीर्वाद.

जावईबापू आणि इरा मजेत ना? इराला म्हणावं, आजोबांशी मराठीत बोल, इंग्लिशमध्ये लाड समजत नाहीत.

वाक्य माझंच. अगं, मानपत्र आधी छापावं लागतं. पाहुणा येऊन काय बोलणार, हे आपल्याला काय ठाऊक? म्हणून कुणालाही शोभेल असं एखादं उदात्त वाक्य मी पाहुण्याच्या तोंडी घालतो. त्या हृदयरोगतज्ज्ञांच्या घातलं, तबलजींच्या घातलं. कुणी तक्रार केली नाही, उलट दोघांनी फ्रेम करून भिंतीवर लावलंय.

आता एक वाक्य खोटं म्हटलं की इतक्या वर्षांची सगळीच खोटी. त्यात पुढच्या महिन्यात माझी पंचाहत्तरी, मंडळ माझाच सत्कार करतंय. कुठल्या तोंडाने स्टेजवर बसू? लाज वाटते गं. तरी लिहितो. जरा नीट शब्दांत मांडून उद्या पाठवतो, इन्शाल्ला.

रागावलीस तरी काका म्हणत राहा.

राजाभाऊ


खलिफा सिटी
७ नोव्हेंबर

ती. काकांना सा. न. वि. वि.

चार मसुदे पोचले. चारही सुंदर आहेत, आणि एकही पाठवण्यासारखा नाही. पहिल्यात फादरांना हिमालय केलंय. तिसऱ्यात तुमच्या साहित्यसेवेचा इतिहास आलाय आणि ते वाक्य कुणी लिहिलं हे शेवटपर्यंत येतच नाही! मला एक ओळ हवीय, काका. सही करा, स्कॅन करा, खलास. परवा रविवार.

इरा इंग्लिशमध्ये विचारत होती की आजोबा सरळ सॉरी का म्हणत नाहीत. उत्तर तुम्हीच द्या तिला, मराठीत.

चिडलेली, तरी तुमचीच,
आभा


रोल्ला
१८ नोव्हेंबर

चि. आभा हिस आशीर्वाद.

दुसऱ्याच कुणाला पोप केलं, हे तू पाहिलंस. टीव्हीवर नवा पोप ठरल्याचा पांढरा धूर दिसला तेव्हा माझ्यासमोर पाचवा मसुदा होता. अनवधानाने लिहावं की भावनेच्या भरात, यावर अडलो होतो. तुझ्याशी कशाला खोटं बोलू? मसुदा सुधारतोय असं म्हणत मी नुसतं टाळत होतो. सही केली की सत्कार जाईल, एवढंच डोक्यात होतं. धूर विरला आणि मग एका ओळीत लिहून पाठवलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत गं.

सत्कार नको म्हणून मंडळाला कळवलंय. त्याचं आता कुणाला काय!

फादरांचं उत्तर आलं. मला ते पुन्हा वाचवत नाही, म्हणून सोबत जोडतोय. तूच ठेव.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. तरी म्हणतो.

राजाभाऊ


रोम
१५ नोव्हेंबर

श्री. राजाभाऊ यांना सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्हाला इतकं थोडक्यात लिहिता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्याकडचे मोदक अजून आठवतात, आभाताईंना सांगा.

दार बंद व्हायच्या आधी काही कार्डिनलांनी मला त्या वाक्याबद्दल विचारलं. माझं नाही, म्हणालो. मग कुणाचं, असं त्यांनी विचारलं. ज्यांच्या घरी जेवलो त्यांना खोटं पाडायला जीभ वळेना, म्हणून गप्प राहिलो. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावला.

जिवाला लावून घेऊ नका. तुमचं पत्र वेळेत आलं असतं, तरी त्या सरकारने दुसरं काही शोधलंच असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण पत्र येतंय असं आभाताईंनी कळवलं होतं, म्हणून दार बंद होईपर्यंत मी वाट पाहिली.

आपला,
इनास तुस्कानो