संध्याकाळची गोळी

बुधवार, १२ जून

चि. खारूताईस,

काकाचे आशीर्वाद. मी ठीक आहे. दुपारचं ऊन हल्ली टेबलापर्यंत येतं, तिथेच बसून लिहितोय. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला. प्रकृतीचं निमित्त सांगत नाही.

काल शाळेतलं कवितांचं पुस्तक काढलं. आधी माझं, मग तुझ्या बाबांचं झालेलं. दोघेही त्या औषधाच्या चाचणीत होतो, तेव्हा इस्पितळाच्या बाकावर आमचा एक खेळ चाले: एका श्वासात कवितेच्या किती ओळी होतात? नर्सबाई नळी पुढे करून म्हणायच्या, "आजोबा, इथे फुंकायचंय, गायचं नाही."

असो. तू लिहितेस, "बाबांना खरं औषध होतं असा कागद आलाय. तरी ते गेले. आता डॉक्टर मलाही तेच घ्यायला सांगतायत. मी कशाला घेऊ?"

फुप्फुसं घट्ट करत नेणारा आपल्या घराण्यातला हा आजार तुझ्यापर्यंत पोचला. म्हणून आता लिहायलाच हवं. चाचणीत निम्म्या लोकांना खरी गोळी होती आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली. कुणाची कुठली, डॉक्टरांनाही ठाऊक नसे. तुझ्या बाबांची खरी निघाली, माझी पोकळ. पण त्याने ते औषध पुरतं घेतलंच नाही. निम्मं मी खाल्लं.

चौथ्या महिन्यात मी म्हटलं, "धाकट्या, कुणाची खरी कोण जाणे. सकाळची दोघंही तुझ्या डबीतली घेऊ, संध्याकाळची माझ्या."

तो हसला. "लहानपणी खाऊचे वाटेही तूच करायचास, दादा. मोठा वाटा कुणाकडे जायचा?"

पण ऐकलं. इस्पितळात परत नेलेल्या डब्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजणीत बरोबर भरत, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

भावाभावांत समान वाटणी, असंच मी स्वतःला सांगत आलो. तुलाही तेच लिहिणार होतो. ते खोटं आहे. त्या आठवड्यात तो जिना न थांबता चढला होता आणि मी मधल्या पायरीवर बसून राहिलो होतो. त्याच्या डबीत काय आहे, ते मला तेव्हाच कळलं होतं.

दोन महिन्यांत त्याला पुन्हा धाप लागायला लागली. म्हणाला, "दादा, माझ्या गोळ्या माझ्याकडे राहू देत का?"

मी म्हटलं, "घाबरलास होय?"

त्याने परत विचारलं नाही. माझ्या सहा ओळी व्हायला लागल्या, त्याच्या दोन. पुढे तो नुसता ऐकायचा.

सोमवारी इस्पितळात जाऊन सगळं सांगून आलो. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. पुरतं औषध मिळतं तर तो राहिला असता का, असं मी विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता ते कधी कळणारही नाही."

तेव्हा बाबांकडे बघून औषध नाकारू नकोस. दोन्ही वेळा घे. इकडे आली नाहीस तरी चालेल, उत्तरही नको. मात्र कुणी त्यातली एक मागितली, तर देऊ नकोस. कितीही जवळचं माणूस असलं तरी.

तुझे बाबा ज्याला दादा म्हणायचे,
तो