सुरभीने मिटलेले पुस्तक

मी हंसाबाई, कै. रूपसिंग आडे यांची बायको, राहणार पळसखेड तांडा, तालुका नेर, जिल्हा यवतमाळ. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा धाक नाही, चहा पिऊन लिहायला बसले आहे. उद्या मला यवतमाळला नेणार, पोटातला गोळा काढायला. डॉक्टर म्हणाले, वय पाहता काही सांगता येत नाही. शाळा तिसरीपर्यंतच झाली, अक्षर सांभाळून घ्यावे.

घर व मागची जागा मुलगा बबलू याला. न्हाणीची फरशी कधीचा लावतो म्हणतो, ती आधी लावावी. शेळ्या सून संगीता हिला. बबलूने त्या विकू नयेत, त्याला शेळ्या बाजाराच्या दिवशीच आठवतात.

माझी भरतकामाची सुई, कवड्या, आरसे आणि अर्धी राहिलेली काचळी, म्हणजे आमची आरशांची चोळी, नात सुरभी हिला. सुई माझ्या याडीची आहे, आईची.

आता पुस्तकाचे. ते शाळेचे, मला देता येत नाही, परत करावे. रशियाकडच्या जुन्या लोककथांवरून रचलेली मुलांची कादंबरी आहे. सुरभी रोज वाचून दाखवते. एवढी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती. त्यात एक न मरणारा म्हातारा जादूगार. त्याचा जीव सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडे बदकाच्या पोटात. मिला नावाच्या पोरीचा भाऊ त्याने बर्फ करून ठेवला. काल मिलाने अंडे फोडले. सुई तिच्या बोटांत आहे. मोडली तर म्हातारा मेला, नाही मोडली तर भाऊ गेला. आणि इथेच सुरभीने पुस्तक मिटले.

"वाच ना बाई."

"नाही. तू दवाखान्यातून ये दादी, मंग वाचीन."

"अन् नाही आली तं?"

"तं मीबी नाही वाचणार. कधीच."

लेकरू रडले नाही, ओठ चावून बसले. ऑपरेशनचे काय व्हायचे ते होईल. पोरीने पुस्तक असेच मिटून ठेवले तर, ह्याचे मला भय आहे.

म्हणून अट घालते. मी आले नाही, तर माझ्या दिवसाच्या जेवणाला माणसे जमली की सुरभीने शेवटचा भाग मोठ्याने वाचावा. बबलूने मोबाईल खिशात ठेवावा. मिलाने काहीही केले असो, सुरभी, तू आपली सुई मोडू नको. काचळीची डावी बाही राहिली आहे, तिथे आरसे जवळजवळ लाव.

जाऊ मोतीबाई विहिरीवर म्हणाली होती, "मरायले टेकली, अन् पोरासोराच्या गोष्टी आयकून राह्यली." तरी तिला पाण्याचा पितळी गुंड द्यायचा होता. पण ती ह्या कागदाला साक्षीदार, आणि तांड्याचे नाईक म्हणतात, साक्षीदाराला काही देऊ नये. बरे झाले.

मी परत आले तर हा कागद फाडावा. आधी वाचन, मग फाडणे.

साक्षीदार:
भावसिंग राठोड, तांड्याचे नाईक (सही)
मोतीबाई आडे (अंगठा)

अंगठा देण्याआधी मोतीबाईने विचारले ते लिहून ठेवते. "अंडं फोडलं, मंग त्या पोरीनं सुईचं काय केलं? भिंतीपल्याडून मले आयकू नाही आलं."

मी म्हटले, मलेबी नाही माहीत.

बराच वेळ तिने अंगठा शाईवरच दाबून धरला. मग म्हणाली, "तं लवकर ये."

हंसाबाई रूपसिंग आडे (स्वतःची सही)
पळसखेड तांडा, १६ फेब्रुवारी २०२५