रात्रीची जुळी लेकरं

मामा, आज मंगळवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. तिसरी शिफ्ट करून आलो, हातांचं ऑइल धुतलं आणि लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली.

चाकणच्या त्या पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, रात्री दोनच्या चहाला, तुम्ही रद्दीतून आणलेल्या पुस्तकातलं सांगायचात. ग्रीक लोकांची रात्र म्हणजे एक बाई. देवांचा राजासुद्धा तिला वचकून असतो. तिच्या एका हातावर गोरं लेकरू, दुसऱ्यावर काळं. जुळी. गोरं म्हणजे झोप, काळं म्हणजे मरण. एका पोरानं विचारलं, तिचा नवरा काय करतो? तुम्ही बिडी विझवता आणि म्हणता, "नवरा अंधार हाय. तुझ्यासारखाच, असून नसल्यागत." सगळे हसतात, मीही हसतो.

मशीनची दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबली तरच वरचा डाय, तो जड लोखंडी साचा, खाली येतो. चालवणाऱ्याचा हात आत राहू नये म्हणून. पण माल लवकर निघावा म्हणून पोरं एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायची. मीही ठेवलं. तुम्ही पट्टी ओरबाडून काढली आणि दोन कानाखाली दिल्यात, माझा ओठ फुटला. "घरी जाताना रोज हात मोजायचं. दोन भरलं पायजेत," म्हणालात.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा पट्टी लावली. सलग दुसरी शिफ्ट होती. पार्ट अडकला म्हणून तुम्ही खांद्यापर्यंत आत वाकलात. आवाज नेहमीएवढाच झाला. तुमचे पाय बाहेर होते, मशीन वर घेईपर्यंत ते लाथा झाडत होते. माझे बूट रक्तानं भरले.

साहेबांनी कागद पुढे केला. मी लिहिलं : पट्टी मामांनी लावली होती, मशीन आपोआप खाली आलं. साहेब म्हणाले, लिहिण्यात एकही चूक नाही. चूक तुमची ठरली, मामींना भरपाई मिळाली नाही.

काल पिंपळे गुरवच्या मंडईत मामी भेटल्या. "तू जवळ व्हतास. त्यांनी खरंच पट्टी लावली व्हती का रं?"

मी हो म्हणालो.

"मग त्यांचंच चुकलं," म्हणाल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवून, वेळेवर जेवत जा, असं सांगून गेल्या.

मशीन आपोआप आलं नव्हतं, मामा. माझा डोळा लागला आणि हात दुसऱ्या बटणावर पडला. हे मामींना वाचून दाखवायला हवं. पण मला आई नाही, आणि तसा हात माझ्या गालावरून दुसरं कुणी फिरवत नाही.