चाकं जमिनीवर असताना

ता. २ फेब्रुवारी

ती. बाबांना,
धाकटीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं दादा त्याच्या मनाचं सांगतो, म्हणून हे पत्र. गुडघा आता दादाच्या घरचे जिने चढू देतो का? इथे सगळे ठीक. ठीक नाही ती तुमची पिकअप.

परवा मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्या घेऊन येत होते. पुलावर चढताना सांध्यावर चाकं आपटली आणि गाडीचा पुढचा भाग असा काही थरथरायला लागला की स्टिअरिंग हातात राहीना. वेग अगदी कमी केला तेव्हा कुठे थांबलं. घरी आले तरी दात वाजत होते. सासूबाईंनी विचारलं, बाहेर एवढी थंडी आहे का?

टायरांचं बॅलन्सिंग करून आणलं. फरक शून्य. चौकातला मेकॅनिक म्हणतो, पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट सगळेच बदलू. दादा म्हणतो, भंगारात घाल. इकडे फळबाग फुलायला लागलीय आणि बागवाल्याला फळधारणेसाठी माश्यांनी भरलेल्या पेट्या हव्यात. एवढी मोठी बाग मला पहिल्यांदाच मिळालीय. पण असल्या हादऱ्यांत आतली पोळी तुटतील. काय करू?

तुमची,
धाकटी

ता. ८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आ.

जिने चढतो, उतरताना मात्र भांडण होतं. असो.

आधी हे ऐक. एकही भरलेली पेटी त्या गाडीत ठेवायची नाही. आणि दोष सापडल्याशिवाय काही बदलायचं नाही. न शोधता पार्ट बदलणाऱ्याला आम्ही गॅरेजात दुकानदार म्हणायचो.

थरथर ब्रेक मारल्यावर येते, ठरावीक वेगाला येते, की धक्का बसल्यावरच? पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून बघ. दोष चाकांचा असेल तर थरथरही मागे जाईल. मग गाडी पुढून जॅकवर घे. खाली स्टँड लावायला विसरलीस तर माझ्याशी गाठ आहे! चाक वर-खाली धरून हलव. ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे ढिलं लागलं तर टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा. माझा अंदाज टाय रॉडचा आहे.

दादावर रागावू नकोस. त्याला तुझी काळजी वाटते, पण बोलायला भंगार हाच शब्द सापडतो.

घरच्यांना नमस्कार, तुला पाठीवर थाप.
बाबा

ता. १९ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

धक्का बसल्यावरच येते. चाकांची अदलाबदल केली, थरथर पुढेच राहिली. जॅकवर घेतली, स्टँड लावले, शपथ. चाकं हलवून हलवून हात दुखले. टाय रॉड घट्ट आहे, बाबा. तुमचा अंदाज चुकला. हे लिहिताना थोडी भीती वाटली आणि थोडी गंमतही.

मग डोकंच चालेना. त्यात बागवाला येऊन म्हणाला की दुसरा पेटीवाला तयार आहे. मी सांगितलं, त्याला बोलवा हवं तर, पण गाडी नीट झाल्याशिवाय मी माश्या हलवणार नाही. तो निघून गेला. दार लावलं आणि पोटभर रडले.

रडून झाल्यावर सुचलं. रस्त्यावर चाकांवर गाडीचं सगळं वजन असतं, आणि मी तपासत होते ती हवेत लोंबकळणारी चाकं. गाडी खाली उतरवली, मागच्या चाकांना दगड लावले. इंजिन बंद. आता स्टिअरिंग हलवायला कुणीतरी हवं. तुमचे जावई कामावर. उरल्या सासूबाई! त्या जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, चष्मा पुसला आणि कणीक मळावी तसं स्टिअरिंग हलवू लागल्या.

मी बाजूने आत डोकावले. टाय रॉड हलायच्या आधी स्टिअरिंगचा अख्खा गिअर बॉक्सच हलत होता. बोल्ट घट्ट होते, पण तो ज्या चासीवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, बसवलाय तिलाच चीर गेली होती. माती घासून काढली तेव्हा दिसली. सासूबाई स्टिअरिंग फिरवतील तशी चीर उघडायची, मिटायची.

वेल्डरने चीर भरून वर जाड पट्टी मारली. त्याच सांध्यावरून रिकामी गाडी पुन्हा पुन्हा नेली. स्टिअरिंग शांत. बागवाल्याने दुसऱ्याला बोलावलंच नव्हतं. म्हणाला, माश्यांना इतकं जपणारी बाई पुन्हा कुठे शोधू? काल उजाडता उजाडता पेट्या बागेत पोचल्या. एक पोळं तुटलं नाही. सासूबाई शेजारच्या सीटवर होत्या. बिघाड आम्ही शोधला, असं गावभर सांगताहेत.

माया आहेच, ती अशीच पत्राने येऊ द्या.
तुमची धाकटी

ता. २५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आ.

पत्र वाचून आधी घाम फुटला. ती चीर वाढली असती आणि तू पुलावर असतीस तर... पुढे लिहवत नाही. पाणी प्यालो, पुन्हा वाचलं. गाडी खाली उतरवून बघायचं मला सुचलं नाही, ते तुला सुचलं. आणि हातची बाग जाईल हे दिसत असताना तू नाही म्हणालीस, हे तर सुचण्याच्याही पलीकडचं.

संध्याकाळी दादाला पत्र मोठ्याने वाचायला लावलं. चिरेपाशी तो थांबला, चष्मा काढून बसला. आता भंगाराचं नाव काढत नाही. ऑफिसात चारचौघांना सांगून आलाय म्हणे.

खालच्या मजल्यावर एक ड्रायव्हर राहतो. त्याची जुनी पिकअप ब्रेक मारला की पुढून थरथरते. मी जुना मेकॅनिक, म्हणून माझ्याकडे आला. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की आमच्याकडे हे काम आता धाकटी बघते. तर काय काय तपासायचं ते सविस्तर लिही. तुझं उत्तर येईपर्यंत त्याला गाडी हलवू नको म्हटलंय.

सासूबाईंना माझा सलाम सांग.
वाट बघणारा,
बाबा