आठही माग वाढवले

शासकीय विश्रामगृह, सात रस्ता, सोलापूर
१३ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप रेवणप्पा काका यांना,
ज्ञानूचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही आणि काकू ठीक असाल. काकूंचा हात आता दुखत नाही ना? आई-बाबा पुण्यात मजेत आहेत. बाबांना आंघोळीनंतर अजूनही तुमच्याच कारखान्याचा टॉवेल लागतो. दुसरा दिला तर "याला काही अंग आहे का?" म्हणून परत करतात.

वरचा पत्ता वाचून तुम्ही चष्मा पुसला असेल. हो, मी सोलापुरातच आहे, कालपासून. भवानी पेठ इथून रिक्षाने दहा मिनिटं आणि मी पत्र लिहीत बसलेय. काल तुमच्या कारखान्यासमोर येऊनही गेले. शाळा सुटली की मी शुक्रवार पेठेतून तिथे पाढे पाठ करायला यायचे, कारण मागांच्या खटखटाटात चुकलेलं कुणाला ऐकू जायचं नाही. काल तिथे मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू आला. तशीच मागे फिरले.

तुम्ही नेहमी विचारता, "पोरी, तू सरकारात नेमकं करतीस तरी काय?" आणि मी विषय बदलते. आज सांगते. सरकार कारखान्यांसाठी योजना काढतं. तिचा खरंच उपयोग झाला का, हे आमचं कार्यालय तपासतं. लोकांनी दिलेली उत्तरं मी ठरलेल्या खान्यांत बसवते आणि अहवाल लिहिते. नोकरी कंत्राटी, पदाचं नाव मात्र लांबलचक: संशोधन व मूल्यमापन विश्लेषक. बाबा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला न अडखळता म्हणून दाखवतात.

यंत्रमागांच्या योजनेचा अहवाल माझाच. भवानी पेठेतले फॉर्म रेश्माने घरोघर फिरून भरले. तुमच्याकडे चहा पिऊन गेली ना, तीच चष्मेवाली. माझ्यापर्यंत ते आले नावं झाकून, नुसते क्रमांक. सत्तेचाळीस नंबरच्या फॉर्मवर 'योजनेनंतर मागांचे काय झाले?' या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'आठही माग वाढवले.' मी 'विस्तार' या खान्यात खूण केली. असे एकोणीस फॉर्म निघाले. योजनेमुळे माग वाढले म्हणून बैठकीत माझं कौतुक झालं. मी ऑफिसात पेढेसुद्धा वाटले.

मग पाडव्याला तुम्हाला फोन केला. काकू म्हणाल्या, "न्हाणीत घसरले गं. हाताला काय न्हाय, बांगड्या तेवढ्या वाढवल्या." मी "जपा हो" म्हणता म्हणता मधेच थांबले. बांगड्या फुटल्या, असं काकू काही केल्या म्हणणार नाहीत. दुकान बंद केलं, असं तुम्हीही कधी म्हणाला नाहीत. वाढवलं, असंच म्हणता. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. मी त्याच बोलीत लहानाची मोठी झाले, काका. परमुलखातल्या बाईने ही चूक केली असती तर तिला माफ होतं.

तेवढ्यात फोन तुम्ही घेतलात. "ज्ञानू, थांबलेले माग पुन्हा सुरू करायला नवी मदत आलीय म्हनं. यादीत आपलं नाव न्हाय. हपिसातला म्हनतो, तुमचे माग तर वाढलेत की! लई हसलो बघ. तू जरा बघशील का?"

मी "बघते" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस नंबरचं नाव उघडलं. तुमचं होतं. आठही माग थांबले तरी तुम्ही मला कळू दिलं नव्हतं. कळवलंत ते त्या फॉर्मवर, आणि तिथे मला वाचता आलं नाही.

त्यानंतर तुमचे चार फोन आले. मीटिंगमध्ये होते, असं कळवलं. नव्हते. याच महिन्यात आमची कंत्राटं वाढवायची की नाही ते ठरतं, म्हणून मी घाबरले. चूक एका मिनिटाची होती. गप्प बसले ते जवळजवळ तीन आठवडे. मला जास्त लाज त्याची वाटते. माफ करा, काका.

सोमवारी ऋतुराज सरांना, म्हणजे माझ्या वरिष्ठांना, सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "कशाला अंगावर ओढून घेता? पुढच्या अहवालात दुरुस्त करू." पण यादी उद्या संध्याकाळी पक्की होतेय. म्हणून शुद्धिपत्र माझ्या सहीने देऊन टाकलं. कंत्राटाचं होईल ते होईल.

आता एकच अडचण आहे. 'माग बंद आहेत' असं प्रत्येक मालकाने नव्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहावं, असा नियम. तुम्ही तो शब्द लिहिणार नाही, मदत गेली तरी चालेल म्हणाल, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून सरांशी भांडून शुद्धिपत्रात एक ओळ घालून घेतली: 'उत्तर देणाऱ्यांचा शब्द बरोबर आहे, अर्थ लावताना विश्लेषकाची चूक झाली.' तुम्ही 'वाढवले' असंच लिहा, त्या ओळीमुळे ते चालेल. पुढे अर्थ मी लिहीन, आणि त्याखाली सही माझी. बाकी अठरा जणांचे फॉर्म काल-आज झाले. तुमचं दार तेवढं राहिलं.

हे पत्र रेश्मा आणून देईल. उद्या बाराच्या सुमारास मी येते. काकूंनी ताट वाढलं असेल तर जेवून जाईन. नसेल वाढलं तर दारातूनच फॉर्म घेऊन जाईन, तक्रार करणार नाही. पण फॉर्म भरून द्या, काका. राग माझ्यावर आहे, मागांवर नाही.

तुमच्या मागांपाशी बसून चुकीचे पाढे म्हणणारी,
ज्ञानू