चार्जरसकट वजन

१० ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

'तक्रार लेखी द्यावी' या आपल्या दुकानातल्या पाटीला मान देऊन तक्रार लेखी देते आहे. परवा मी फोनवर जरा आवाज चढवला तर तुम्ही म्हणालात, आपल्या घरात रागाचं तोंडी काही चालत नाही, काय ते लिहून पाठव. आणि फोन ठेवून दिलात. घ्या तर मग.

माझा पहिला राग लॅपटॉपवर नाहीच. मला न विचारता तुम्ही त्या दुकानदाराला फोन करून माझी ऑर्डर रद्द केलीत, त्याचा आहे. विद्यापीठात प्रवेश मिळाला की तुझ्या पसंतीचा लॅपटॉप, हे शब्द कोणाचे? मी तीन आठवडे चौकशा केल्या, वरच्या वर्गातल्या मुलींचे घेऊन हाताळून बघितले आणि एक हलका पसंत केला. आठ दिवस वाट बघून पार्सल उघडते तर आत आपल्या दुकानातला काळा धोंडा! तुम्ही इतकी वर्षं ज्याच्यावर काट्यांची प्रमाणपत्रं छापलीत, तोच. झाकणावर 'काटे व वजने दुरुस्त करून मिळतील' हा स्टिकरसुद्धा तसाच. वर तुमची चिठ्ठी, की मजबूत आहे, दहा वर्षं बघायला नको.

बाबा, मी संख्याशास्त्र शिकायला आले आहे, पहिलवानकी नाही. आमचा विभाग चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट कायमची बंद. वसतिगृह दुसऱ्या टोकाला, अर्ध्या तासाची चाल. सकाळी आठला निघते ती सहाला परत. मध्ये सामान ठेवायला कुलपाचं कपाट नाही, म्हणजे सगळं दिवसभर अंगावर. धोंड्याची बॅटरी सव्वा तास टिकते आणि वर्गात प्लग दोनच. काल मी गणित चालवायला घेतलं तर तो इतका घरघरला, की सरांनी विचारलं, वर्गात मिक्सर कोणी आणलाय.

हे सगळं मी सांगायच्या आत तुम्ही म्हणालात, की तुला तो मिरवायला हवाय. मी आजवर काय मिरवलंय ते एकदा लिहून कळवा. मी वाट बघते आहे.

राग आहे म्हणून माया कमी झाली असं समजू नये.

आपली (तरीही),
भोपळी

१६ ऑगस्ट

चि. भोपळी हिस,
अ. उ. आ.

तक्रार मिळाली. वाचली. मान्य नाही.

ऑर्डर रद्द केली ती उगाच नाही. मी स्वतः जाऊन तुझं ते नाजूक प्रकरण बघून आलो. उलटं करून पाहिलं. खाली स्क्रू असे, की माझ्या पन्नास पेचकसांपैकी एक लागेल तर शपथ. बॅटरी आत चिकटवलेली. मेमरी वाढवायची सोय नाही. बिघडला तर काय करायचं विचारलं, तर तो पोरगेला विक्रेता हसून म्हणाला, की काका, नवीन घ्यायचा. जी वस्तू उघडता येत नाही ती विकत घेतली तरी आपली होत नाही, हे मी तुला लहानपणापासून सांगत आलोय. या कानाने ऐकलंस, त्या कानाने सोडलंस.

काटा मी बरोबर नेला होता, हे तुला सांगायला नको. दुकानातली माणसं बघतच राहिली. तुझा हलका एक किलो शंभर. आपला दोन किलो सहाशे. फरक दीड किलो. दीड किलोसाठी एवढं आकांडतांडव? तू जन्मलीस तेव्हाच चार किलो दोनशे होतीस. दवाखान्याच्या काट्यावर विश्वास बसेना म्हणून मी दुकानातल्या काट्यावर तीनदा तोललं, तेव्हापासून तू भोपळी. तुझ्या आईने तो ऐवज नऊ महिने वागवला, मला लेखी तक्रार दिली नाही.

सोबत एक टांगता काटा पाठवतोय. त्याला तुझी बॅग अडकव आणि आकडा कळव. रडगाणं नको, आकडा. पाच किलोच्या वर भरली तर मी माझे शब्द गिळीन. नाही भरली तर धोंडा पदवी मिळेपर्यंत चालवायचा.

आई बरी आहे. तीन दिवस माझ्याशी धड बोलत नाही. कारण विचारलं तर दूध उतू जातंय म्हणून आत जाते. दूध दिवसातून किती वेळा उतू जातं?

जेवत जा. ओरडत कमी जा.

तुझा,
बाबा

२१ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवते आहे. घरी नेऊ नकोस.

बाबांनी लिहिलंय, की तू त्यांच्याशी बोलत नाहीस. आई, असं करू नकोस. ते भोळे असतील, पण आकडेमोडीत पक्के आहेत, दोन आणि दोन चार करायला त्यांना वेळ लागणार नाही. तू मला शब्द दिला आहेस. मी नववीत होते तेव्हा दिलास, आणि तो अजून संपलेला नाही.

त्या दिवशी त्यांनी स्कूटरवर वजनांची पेटी माझ्या मांडीवर ठेवली. वळणावर स्कूटर घसरली आणि पेटी माझ्या खांद्यावर आली. यात त्यांनी मुद्दाम काय केलं? पण नंतर आठवतं ना तुला? स्कूटर विकून टाकली. सहा महिने दुकानात कोणाशी बोलले नाहीत. मी पाण्याचा तांब्या उचलला तरी धावत यायचे. हाड नीट जुळलं, आता काही दुखत नाही, असं आपण दोघींनी सांगितलं तेव्हा कुठे ते जेवायला लागले. आता चार वर्षांनी मी त्यांना सांगू, की ते खोटं होतं? एका लॅपटॉपसाठी?

मी बॅटरीवर भांडीन, जिन्यावर भांडीन, मिक्सरवर भांडीन. खांद्यावर नाही. आणि तूही नाही.

खरं तर मला त्यांचा इतका राग आलाय, की हे पत्र लिहिताना दोनदा पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. ते म्हणतात मिरवायला हवाय!

तुझ्यावरही रागावलेली, पण तुझीच,
भोपळी

२६ ऑगस्ट

चि. भोपळीस,
अ. उ. आ.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. दिवसभर मी दुसऱ्यांच्या शर्टांच्या कॉलरी उलटसुलट करून दोष काढते, त्याचाच पगार मिळतो. आणि स्वतःच्या घरातला दोष डोळ्यांसमोर धडधडीत दिसतोय तर तोंड शिवून बसायचं. तुम्हा बापलेकीत माझी अडकित्त्यातली सुपारी झाली आहे.

तू मला भोळ्या बापाच्या गोष्टी सांगू नकोस. मला एवढंच सांग, सकाळी केस कोण विंचरतं? तुझा हात वर जातो का? मागच्या सुट्टीत तू वेणी न घालता नुसते केस बांधून होतीस, तेही डाव्या हाताने. तुला वाटलं मला दिसलं नाही. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, की या खांद्यावर ओझं पडत राहिलं तर पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागेल. आणि सगळा भार डावीकडे टाकून तू तोही खांदा घालवणार. मग चार-सहा महिने घरी. वर्ष बुडालं, की तुझी जागा दुसऱ्या कोणाला जाईल. एवढ्या मेहनतीने मिळवलेलं शिक्षण बापाच्या कौतुकापायी घालवणार आहेस का?

शब्द दिला तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस आणि अंथरुणात रडत होतीस. तेव्हा मी काहीही कबूल केलं असतं. अजून पंधरा दिवस वाट बघते. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. मग माझ्यावर काय रुसायचं ते रूस.

खाली भोंगा वाजतोय, जाते. दोन्ही खांद्यांना जप.

तुझी,
आई

३० ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आकडा कळवते. सात किलो शंभर.

हो, बरोबर वाचलंत. काटा खिडकीच्या गजाला अडकवला आणि मैत्रिणीला साक्षीला उभं केलं. तीनदा तोलली, तुमचीच मुलगी आहे. तिन्ही वेळा सात किलो शंभर.

आणि आता एक विचारते. तुम्ही धोंडा तोललात तेव्हा त्याचा चार्जर कुठे होता? कोपऱ्यात पडला होता ना? ती काळी वीट एकटी नऊशे ग्रॅम भरते. सव्वा तासाच्या बॅटरीला ती वीट रोज न्यावीच लागते. जे बरोबर न्यायचं ते बरोबर तोलायचं, डबा तेलासकट आणि पिशवी धान्यासकट, हे गिऱ्हाइकांना ओरडून सांगणारा माणूस चार्जर विसरतो! बाजारपेठेत कळलं तर दुकानाला टाळं लावावं लागेल.

तेव्हा शब्द गिळा. मला काही दुखतं-खुपतं म्हणून मी मागत नाहीये. शंभर जणी हलका वापरतात, सोयीचा म्हणून वापरतात. आणि तो 'मिरवायला' तेवढा आधी गिळा, बाकीचे सावकाश.

उत्तराची घाई आहे.

आपली,
भोपळी

५ सप्टेंबर

भोपळे,

आशीर्वाद नंतर. आधी मी रागावलोय ते वाच.

तुझा आकडा आला. चार्जरचं ऐकून मला लाज वाटली, ते खरं. पण सात किलोवर माझा विश्वास बसेना, म्हणजे आकड्यावर बसला, तुझ्या कुरकुरीवर बसेना. म्हटलं आपणच बघू. माळ्यावरून तुझं जुनं शाळेचं दप्तर काढलं. त्यात सात किलो शंभरची पितळी वजनं भरली. समोरच्या इमारतीचे चार मजले चढून बघायचं ठरवलं. पट्टे माझ्या मापाचे करायला घेतले, आणि तिथेच हात थांबला.

डावा पट्टा झिजून चिंध्या झालाय. शिवण उसवून आतला स्पंज बाहेर आलाय. उजवा नवाकोरा आहे. विकत आणतानाची घडीसुद्धा मोडलेली नाही. हे दप्तर मी अपघातानंतर आणलं होतं.

तराजूची दांडी ज्या धारेवर डुलते, ती एका बाजूने झिजलेली दिसली, की भार कुठे पडत होता ते गिऱ्हाइकाने मला सांगावं लागत नाही. हे तर माझ्या घरातलं दप्तर होतं. माळ्यावर जायच्या आधी चार वर्षं ते दारामागच्या खिळ्याला टांगलेलं होतं, आणि मी रोज त्याच्या बाजूने चपला घालून लोकांचे काटे बघायला जात होतो.

तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, शब्द दिलाय. आणि रडायला लागली. मग विचारायचं काही उरलं नाही.

आता ऐक. वजन लपवणं हा आपल्या धंद्यात गुन्हा आहे. त्याबद्दल माझ्या डोळ्यांदेखत दुकानांना सील लागलेलं मी पाहिलंय. तू चार वर्षं माझ्यापासून वजन लपवलंस, आणि वर मला पत्र लिहितेस, की दुखतं-खुपतं म्हणून मागत नाही! मला वाचवायला निघालीस? मी काय काचेचा आहे? पेटी तुझ्या मांडीवर मी ठेवली होती. वीस किलोची. रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून. हे मला रोज ठाऊक असतं, तू सांगितलंस किंवा नाही सांगितलंस तरी. तुझ्या गप्प बसण्याने माझं काही हलकं झालं नाही. फक्त तू एकटीने सोसलंस, आणि मी तुला वर धोंडा पाठवला. तुला मी काय म्हणालो ते मला आता लिहवत नाही. तो शब्द मी मागे घेतो. गिळत नाही, गिळला तर पोटात राहील. थुंकतो.

तुझ्या पसंतीचा हलका आज निघाला आहे. निघायच्या आधी तोलला, चार्जरसकट. एक किलो तीनशे ऐंशी. तो उघडणारे पेचकसही मागवलेत. बिघडला तर बघू कसा उघडत नाही ते.

सोमवारी डॉक्टरकडे जायचं. आणि यापुढे प्रत्येक पत्रात पहिली ओळ खांद्याची. नमस्काराच्याही आधी. अंदाज नको, खरं लिही.

अनेक आशीर्वाद,
बाबा

११ सप्टेंबर

खांदा दुखतो.

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उजवा हात कानाच्या वर जात नाही. केस मैत्रीण विंचरते. थंडी पडली की जास्त दुखतो. जिना चढताना डावाही आता ठणकतो. सोमवारी डॉक्टरांनी बघितलं. पुन्हा टेबलावर घ्यायची वेळ आलेली नाही म्हणाले, पण वेळेवर आलीस म्हणाले. सहा आठवडे व्यायाम आहे आणि ओझं उचलायचं नाही.

लॅपटॉप पोचला. झाकणावर तुम्ही दुकानाचा स्टिकर लावून पाठवलात, तो पाहून अख्खी खोली हसली. काढलेला नाही. धोंड्याला मी विभागातल्या टेबलावर कायमचा बसवलाय. सर म्हणाले, की मोठी आकडेमोड त्याच्यावर करू, मिक्सर तर मिक्सर. बॅग पुन्हा टांगून बघितली. चार किलो नऊशे ऐंशी. तुमच्या पाचाच्या आत. तीही सहा आठवडे मैत्रीण उचलणार आहे.

न विचारता ऑर्डर रद्द केल्याचा राग अजून तसाच आहे. त्याची लेखी माफी आलेली नाही, याची नोंद घ्यावी.

पण बाबा, बाकीचा राग लिहून झाला. आता जे उरलंय ते लेखी देता येत नाही. तुमचं पत्र मिळाल्यापासून मी चार वेळा रडले आहे आणि ते पाटीत बसत नाही. रविवारी सकाळी फोन करा. ठेवू नका.

आपली,
भोपळी